बावीस किलो कुठे गेले

आमच्या भागात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी सातला माझा एक पाय मोरीत असतो आणि एक स्वयंपाकघरात. त्या गुरुवारीही तसंच चाललं होतं. मोरीत पिंप भरत होतं, तव्यावर कळण्याची भाकरी फुगत होती आणि हे आतल्या खोलीतून तिसऱ्यांदा विचारत होते, निळा शर्ट इस्त्रीहून आला का म्हणून. मे महिना. जळगावचं ऊन सातलाच खिडकीतून ओट्यावर येऊन बसलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना आमचं दार फक्त सुगंधाअक्का वाजवतात. उलट्या हाताने, तीनदा.

दार उघडलं तर अक्का घामाने निथळत उभ्या. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

"या ना आत. चहा टाकते."

"चहा राहू द्या, ताई. आधी चोरीचा माल पाहून घ्या."

असं म्हणून त्यांनी ती गुंडाळी सरळ माझ्या ओट्यावर, परातीशेजारी सोडली. आत ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटा होत्या. एक जाड, वजनदार, कोपऱ्याला हळदीकुंकवाचा सुकलेला डाग. दुसरी लांबी-रुंदीला तेवढीच, पण हातात घेतली तर पत्र्याची वाटावी इतकी हलकी. खापरावरचा मांडा उजेडाला धरून बघावा तशी अक्कांनी ती खिडकीसमोर धरली. तिच्यातल्या बारीक भोकांतून ऊन माझ्या पिठाच्या हातावर पडलं.

"हाई देखा," अक्का म्हणाल्या. "खंडेनवमीला दोघी जुळ्या होत्या. हिची पूजा करून ठेवून दिली, हिला पाण्यात टांगली. आता त्या पोराला सांगा, मी हिचा कोणता तुकडा मोडून खाल्ला."

"अक्का, पण या तुम्ही कारखान्यातून उचलून आणल्या?"

"उचलून कशाला? काल संध्याकाळी गेटवर तोतारामला दाखवल्या. म्हटलं, लिही. सुगंधाबाई वना बडगुजर, दोन प्लेटा, गुरुवारी अकराला परत. तो घाबरून लिहीचना. मग त्याच्या हातातला पेन घेतला नि मीच लिहिलं."

सुगंधाअक्कांची आणि माझी ओळख बारा वर्षांची. त्या पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर जळगावात आल्या. त्यांचे यजमान वनाभाऊ एमआयडीसीत सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते आणि अक्का आमच्या गल्लीत चार घरची भांडी घासायच्या. बोलणं शहरी मराठीतच, पण राग आला की आतली अहिराणी उसळून वर येते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातून सोड्याचा डबा काढून घेतला होता. "ॲल्युमिनियमला सोडा लावता? सोडा त्याला खातो. कुकर काळा पडेल." मी बी.एस्सी. केमिस्ट्री. मला हे माहीत होतं, पण भांडी घासताना आठवलं नव्हतं.

वनाभाऊ गेले तेव्हा कारखान्याच्या ज्ञानचंद शेठनी अक्कांना झाडूवर घेतलं. तेव्हा कारखान्यामागचा नाला सोमवारी लाल, बुधवारी निळा आणि शनिवारी दोन्ही मिळून होईल तसा वाहायचा. मग वरून नोटीस आली. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या स्वप्नील नावाच्या तरुण इंजिनिअरने शेडमध्ये एक टाकी बसवून दिली. अक्का तिला "करंटची टाकी" म्हणतात आणि मला तेच नाव बरोबर वाटतं. रंगाचं पाणी टाकीत सोडायचं, त्यात बारा प्लेटा टांगायच्या आणि करंट चालू करायचा. प्लेटांचं ॲल्युमिनियम हळूहळू पाण्यात उतरतं, रंगाला धरतं, त्याच्या गाठी करतं. बारीक बुडबुडे उठतात, त्या गाठींना फेसाबरोबर वर आणतात. फेस काढून वाळवला की गाळ. खाली राहतं ते पाणी.

या टाकीवर ठेवलेला ऑपरेटर तीन महिन्यांत वासाला कंटाळून पळाला. अक्कांकडे तोवर प्लेटा साफ करायचं काम होतं. त्यांच्यावर पांढरं किटण चढतं, ते काढलं नाही तर करंट अडतो. अक्कांनी काय करावं? राख आणि वाळू घेऊन रोज घासल्या. लग्नातल्या हंड्यासारख्या लखलखीत केल्या. स्वप्नील पुढच्या वेळी आला आणि डोक्याला हात लावून खाली बसला.

"अक्का, यांना करंटनं खायचंय! तू कशाला खातेस?"

ही गोष्ट अक्का स्वतःच हसून सांगतात. नंतर त्याने त्यांना सगळं शिकवलं. शनिवारी हातमोजे घालून हलक्या ॲसिडने कसं धुवायचं, काट्यावर किती ॲम्पिअर दिसायला हवेत, प्लेटेला हात लावण्याआधी कोणतं बटण बंद करायचं. बाकीचं अक्कांनी स्वतःच्या डोक्याने बसवलं. पाणी सोडण्याआधी त्या कारखान्यातलीच पांढऱ्या सुताची एक लड त्या पाण्यात बुडवून ठेवतात. घटकाभराने पिळायची. सूत पांढरं राहिलं तर पाणी नाल्याला. नाहीतर पुन्हा टाकीत. सुपरवायझर घाई करायला लागला की लड त्याच्या नाकासमोर धरतात. "हा गुलाबी रंग तुमच्या घरच्या माठात चालेल का, सांगा."

तर त्या सुगंधाबाई बडगुजर यांना आदल्या दिवशी दुपारी चोर म्हटलं गेलं होतं.

म्हणणारा ज्ञानचंद शेठचा नातू, अर्हम. पुण्याहून मोठं शिक्षण घेऊन दोन महिन्यांपूर्वी परतला आणि कारखान्यातली प्रत्येक वस्तू मोजायला बसला. वाईट मुलगा नाही, अक्कांनीच सांगितलं. मावशी म्हणतो, खुर्ची देतो. पण घरात तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. दुकानातला माल विकला नाही आणि कपाटातही नाही, तर एकच अर्थ होतो. त्याने तोच हिशेब करंटच्या टाकीला लावला. खंडेनवमीपासून पासष्ट किलो प्लेटा आल्या. टाकीतल्या, फळीवरच्या, वापरून झालेल्या, सगळ्या तोलल्या तर त्रेचाळीस.

"मावशी, बावीस किलो कुठे गेले?"

"पाण्यात गेले."

"ॲल्युमिनियम म्हणजे काय साखर आहे का, विरघळायला?"

ऑफिसातले सगळे हसले म्हणे. मग त्याने एक कागद पुढे सरकवला. माझ्या हलगर्जीपणामुळे माल गेला, असं लिहून सही करा, विषय पोलिसांत जाणार नाही. फक्त उद्यापासून तुम्ही टाकीवर नाही, परत झाडूवर.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? कसाले सही करू? मी चोर नई शे!" अक्कांनी ओट्यावर हात आपटला. भाकरीचं पीठ उडालं. "झाडू वाईट नाही, ताई. झाडूवरच आले मी. पण चोर म्हणून झाडूवर? सहा वर्षं त्या नाल्यात रंगाचा थेंब नाही जाऊ दिला." मग जरा खाली आवाजात, "तुम्ही केमिस्ट्री शिकलेल्या. इतक्या करंटला इतका धातू जातो, असं काही माप असतं, स्वप्नील म्हणायचा. त्याचा फोन लागत नाही. तुम्हाला येतं का काढता?"

बावीस वर्षं झाली होती मला ते सोडून. मी मुलीची जुनी वही ओढली आणि पेन्सिल घेतली. आधी नियमाचं नाव आठवलं, मग सूत्र. एक ॲम्पिअर तासभर चालला की ॲल्युमिनियम जातं साधारण एक तृतीयांश ग्रॅम.

"अक्का, करंट किती असतो?"

"पन्नास."

"किती तास?"

"सहा. दहा ते चार."

पन्नास सक तीनशे. त्याचा तिसरा हिस्सा, शंभर ग्रॅम. रोज शंभर ग्रॅम! कामाचे दिवस किती झाले ते अक्कांनी सण, रविवार आणि लोडशेडिंग वजा करून बोटांवर मोजले. एकशे ऐंशी.

"अठरा किलो!" मी ओरडलेच. तव्यावरची भाकरी जळत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "अक्का, अठरा किलो तर नियमानेच जायला हवं!"

अक्का हसल्या नाहीत. "तो बावीस म्हणतो."

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. मी पुन्हा गुणलं. अठराच.

हे तोवर बँकेत जायला निळा शर्ट घालून दारात उभे होते. "अठरा निघाले ना? मग झालं की. उरलेले चार वजनात इकडेतिकडे झाले असतील. कशाला ताणायचं?"

"साहेब," अक्का म्हणाल्या, "अठरा किलोंना मी खरी नि चार किलोंना चोर, असं चालेल का तुम्हाला बँकेत?"

हे जळकी भाकरी तव्यावरून उतरवायला लागले. लग्नाच्या वीस वर्षांत पहिल्यांदा.

अक्का घरात येरझाऱ्या घालत होत्या. मोरीपाशी जाऊन थांबल्या. तिथे कालची भांडी उपडी घातलेली होती आणि वर कुकरचा डबा. काळा. त्यांनी तो उचलला, बोटाने आतून पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा सोडा लावला तुम्ही."

"हो, घाईत..."

"ताई!" त्यांनी डबा हवेत धरला. "याच्यात करंट सोडला होता का तुम्ही?"

मला कळायला एक क्षण लागला. रंगवण्याआधी सूत सोड्यात उकळतात. ते पाणी सोमवारी आणि गुरुवारी चार तास टाकीत असतं. करंटच्या नियमात बसतं ते माझं अठरा किलो. पण सोडा करंटची वाट बघत नाही. तो प्लेट नुसतीच खातो. हे माझ्या सूत्रात नव्हतं. अक्कांच्या हाताला बारा वर्षांपासून ठाऊक होतं.

"आज कोण वार?"

"गुरुवार."

"तुमच्याकडे तो केकचा काटा आहे ना? एकेक ग्रॅम दाखवणारा?"

मी काटा पिशवीत घातला, वही घातली. ह्यांनी विचारलं, "आणि दुपारचं?" मी म्हटलं, भाकऱ्या डब्यात आहेत, ठेचा बरणीत आहे, आणि नळ बंद करायला विसरू नका.

अकराला पाच कमी असताना आम्ही गेटवर होतो. अक्कांनी तोतारामसमोर रजिस्टर उघडून "दोन प्लेटा परत" असं लिहिलं. मग मला थांबायला सांगून शेडकडे गेल्या आणि आल्या त्या घमेलं घेऊन. घमेल्यात वाळलेला, करड्या-जांभळ्या रंगाचा गाळ.

केबिनमध्ये एसीचा गारठा. टेबलामागे अर्हम, कोपऱ्यातल्या खुर्चीत ज्ञानचंद शेठ. सत्तरी ओलांडलेले, हातात जपमाळ, डोळे मिटलेले. अक्कांनी घमेलं काचेच्या टेबलावर, त्या कागदाच्या बरोबर वर ठेवलं.

"मावशी, हे काय?"

"तुम्ही विचारलं ना, बावीस किलो कोठे गया? आठे शे. बठ्ठा गाळमा शे, सगळं या गाळातच. मागे शेडमध्ये सत्तर पोती आहेत. रंग बाजूला काढा नि तुमचं ॲल्युमिनियम घ्या."

"मावशी, हे टेबल..."

"पुसून देईन. झाडूवर होते मी."

शेठचे डोळे उघडले. जपमाळ थांबली.

मी वही पुढे केली. अर्हम हुशार होता. पन्नास, सहा तास, एकशे ऐंशी दिवस, मोबाइलवर त्याने स्वतः पडताळून पाहिलं, नियम शोधून वाचला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग एका ठिकाणी अडला, मला माहीत होतं तिथेच.

"हे अठरा झाले. मान्य. पण चार किलो, काकू?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "त्या चार किलोंसाठीच आलो आम्ही. चला शेडमध्ये."

"शेडमध्ये कशाला?"

"दोन महिने झाले तुम्हाला येऊन. माल मोजला, टाकी नाही पाहिली. चला."

ज्ञानचंद शेठ काठी टेकत उठले. "चल, अर्हम," एवढंच म्हणाले.

शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं की काय कोण जाणे, पत्रा नुसता तापून वाजत होता. सुपरवायझरने दहालाच करंट चालू केला होता; टाकीत गडद निळ्या पाण्यावर फेसाचा थर चढत होता, निळसर साबणासारखा. अर्हम वाकून बघत राहिला. एका काचेच्या ग्लासात अक्कांनी आत येणारं पाणी घेतलं, दुसऱ्यात बाहेर पडणारं.  त्याच्या दोन्ही हातांत दिले आणि कामाला लागल्या.

माझ्या काट्यावर वाटी पालथी घातली, शून्य केलं आणि तिच्यावर हळदीकुंकवाची प्लेट तोलून ठेवली. ठेवण्याआधी अक्कांनी तो डाग पदराने पुसला आणि कपाळाला हात लावला. एक हजार आठशे चार. अर्हमने फोटो काढला. मग अक्कांनी बाजूच्या पिंपात ताजं सोड्याचं पाणी घेतलं आणि प्लेट त्यात दोरीने टांगली. वायर नाही, करंट नाही. पिंपाभोवती तारच नाही हे त्यांनी अर्हमला दोनदा फिरून दाखवलं, जादूचे खेळ करणारा दाखवतो तसं.

"साडेअकरा. साडेतीनला काढू."

चार तास. मला केबिनमध्ये बसा म्हणाले, मी गेले नाही. अक्का आपलं रोजचं काम करत राहिल्या. फेस ओढला, ॲम्पिअरचा काटा बघितला, सुताची लड बुडवली, पिळली, नाक मुरडून पाणी पुन्हा आत फिरवलं. सुपरवायझर दारात येऊन कुजबुजला, "काय मावशी, सायन्सचं प्रदर्शन लावलं का?" त्या म्हणाल्या, "हो. पहिलं बक्षीस तुमची खुर्ची आहे." एकदा अर्हम पिंपापाशी येऊन उभा राहिला. बारीक बुडबुडे प्लेटेवरून उठत होते. त्याने बोट पुढे केलं, अक्कांनी त्याचा हात झटकन मागे ओढला.

"मोजे घाला आधी. तुमचंही कातडं खाईल."

साडेतीनला प्लेट काढली, साध्या पाण्याने धुतली, पुसली. काळवंडली होती, माझ्या कुकरसारखी. वाटी, काटा, शून्य. सगळे वाकले. शेठसुद्धा.

एक हजार सातशे अठ्ठ्याण्णव.

"सहा ग्रॅम," अर्हम हळू म्हणाला. मग मोबाइल काढला. कुणी सांगायच्या आत स्वतःच पुटपुटत गेला. "एक प्लेट सहा. बारा प्लेटा बहात्तर. आठवड्याला दोन दिवस, तीस आठवडे, साठ दिवस." थांबला. "चार किलो तीनशे वीस."



"म्हणजे एकूण बावीस किलो तीनशे वीस झाले," तो म्हणाला. त्याला मोजल्याशिवाय राहवेना. "तीनशे वीस ग्रॅम जास्तच निघतात."

"मग ते मी तुम्हाला परत करू," अक्का म्हणाल्या, "की तुम्ही मला?"

ज्ञानचंद शेठ इतके हसले की त्यांना खोकला लागला. तोतारामने धावत पाणी आणलं. हसणं संपलं तेव्हा त्यांनी नातवाकडे बघितलं, आणि ते बघणं हसण्यासारखं नव्हतं. अर्हम केबिनकडे गेला. घमेल्याखालचा तो कागद, गाळाचे डाग पडलेला, घेऊन आला आणि सगळ्यांसमोर फाडला. "मावशी, चुकलो," म्हणाला. कान लाल झाले होते पोराचे. तरी खाली बघून म्हणाला नाही, अक्कांकडे बघून म्हणाला.

"सहा वर्षांचं काम एका दुपारी विचारलं तुम्ही," अक्का म्हणाल्या. "पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी दाखवलं असतं. मी काही लपवून ठेवलं नव्हतं. ही टाकी माझी आहे. मी तिच्यावरच राहणार."

"राहणारच," शेठ म्हणाले. "सुगंधाबाई, तुम्हाला त्रास झाला. सांगा काय पाहिजे. संकोच करू नका."

अक्का माझा काटा पुसत होत्या. वाटी सुलटी केली, दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या, पिशवी माझ्या हातात दिली. मग हातमोजे काढून कमरेला खोचले.

"शेठ, हा काटा या ताईंच्या घरचा आहे, तो आता घरी जाईल," त्या म्हणाल्या. "नवी प्लेट टांगताना मी तोलीन, जुनी काढताना तोलीन. तुमचा माणूस समोर उभा राहील. पुन्हा कोणी विचारायला नको. माले शेडमा एक काटा द्या."